गुहेत शिकवणाऱ्याची परीक्षा कोण घेणार?

फ्लोरिडाच्या उत्तर भागात जमिनीखाली चुनखडीच्या गुहांचं जाळं आहे आणि त्यातल्या कित्येक गुहा पाण्याने काठोकाठ भरलेल्या आहेत. जिनी स्प्रिंग्ज, पीकॉक स्प्रिंग्ज अशा झऱ्यांत उतरून उजेड संपत येतो तिथवर गेलं की एक पाटी दिसते. पाटीवर झगा पांघरलेल्या, हातात कोयता घेतलेल्या मृत्यूचं चित्र आहे. यापुढे जाऊ नका, अशाच गुहांमध्ये तीनशेहून जास्त पाणबुडे मेले आहेत, असं तिच्यावर लिहिलंय. आणि त्याच वाक्यात हेही सांगितलंय की मेलेल्यांमध्ये खुल्या पाण्यात डायव्हिंग शिकवणारे प्रशिक्षकही होते.

ही भर पाटी लिहिणाऱ्यांनी उगाच घातलेली नाही. नवखा माणूस अंधाराला बिचकतो आणि बहुतेक वेळा मागे फिरतो. ज्याने समुद्रात शेकडो वेळा बुडी मारली आहे, इतरांना शिकवलं आहे, खिशात प्रशिक्षकाचं कार्ड बाळगलं आहे, त्याला मात्र वाटतं की आपल्याला एवढं जमेलच. समुद्रात काही बिनसलं तर वर यायचा रस्ता असतो. गुहेत डोक्यावर छत असतं. बाहेर पडायचं तर आत आलो तेवढंच अंतर उलट पोहून जावं लागतं, आणि तेही टाकीत उरलेल्या हवेवर. शिवाय तळाशी पिठासारखा बारीक गाळ असतो. पाय एकदा चुकीचा हलला की तो उठतो आणि स्वतःचा हातही दिसेनासा होतो. खुल्या पाण्यातलं कौशल्य इथे पुरं पडत नाही, ही गोष्ट केव्ह डायव्हिंगच्या जगाला पन्नास वर्षांपूर्वीच पुष्कळ मृत्यू मोजून कळली.

तोच धडा आज साइडमाउंट या डायव्हिंगच्या पद्धतीच्या बाबतीत विसरला जातोय, असं माझं ठाम मत आहे. गुहेत साइडमाउंट शिकवण्याचा अधिकार ज्याला हवा आहे, त्याची परीक्षा त्याला तयार करणाऱ्या माणसाने घेऊ नये. आणि एकदा मिळालेला तो अधिकार नुसती वर्गणी भरून वर्षानुवर्षं चालू राहू नये. आज बऱ्याच ठिकाणी या दोन्ही गोष्टी सर्रास होतात.

साइडमाउंट म्हणजे हवेच्या टाक्या पाठीवर न बांधता दोन्ही कुशींना, काखेपासून कमरेपर्यंत लटकवायच्या. ही पद्धत इंग्लंडमध्ये जन्माला आली. तिथल्या गुहा बऱ्याचशा कोरड्या, चिखलाच्या, सरपटत जायच्या, आणि मधेच पाण्याने भरलेला एखादा तुकडा वाट अडवतो. तो तुकडा ओलांडून पलीकडे जायचं म्हणून गुहा धुंडाळणारे लोक टाकी कमरेच्या पट्ट्याला अडकवून नेऊ लागले. पोहणं कमी आणि रांगणं जास्त, असा तो प्रकार होता. पुढे १९८० च्या दशकात फ्लोरिडातल्या काही शोधकांनी ती कल्पना पूर्ण पाण्याखालच्या गुहांसाठी घेतली, कारण पाठीवरच्या दोन टाक्यांसकट जिथे माणूस मावत नव्हता अशा फटींमधून त्यांना पुढे जायचं होतं. पट्टे त्यांनी स्वतः शिवले, सायकलच्या ट्यूबचे तुकडे वापरले, चुकले, पुन्हा जोडणी बदलली. मग कारखान्यात तयार झालेली सामग्री आली, मेक्सिकोच्या युकातान भागातल्या सेनोटेंमध्ये, म्हणजे पाण्याने भरलेल्या डोहगुहांमध्ये, ती लोकप्रिय झाली आणि २०१० नंतर तर साध्या समुद्री डायव्हिंगसाठीही साइडमाउंटचे कोर्स निघाले.

यात वाईट काही नाही. पाठ दुखणाऱ्या माणसाला टाक्या पाण्यात उतरल्यावर अडकवता येतात, दोन्ही व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर राहतात, एक बाजू बिघडली तरी दुसरी पूर्ण स्वतंत्र असते. मी स्वतः साइडमाउंटच वापरतो आणि पुन्हा पाठीवरच्या टाक्यांकडे वळायचा माझा विचार नाही. प्रश्न असा की सामग्री दुकानातून जगभर जितक्या वेगाने पोचली, तितक्या वेगाने ती शिकवणारी माणसं तयार होऊ शकत नाहीत. तशी ती तयार होतात असं दाखवलं जातंय.

का होऊ शकत नाहीत, हे एका हिशेबातून कळेल. गुहेतला सगळ्यात जुना नियम तृतीयांशाचा. हवेचा एक भाग आत जायला, एक बाहेर यायला आणि एक संकटासाठी राखीव. समजा दोन्ही टाक्यांत २१० बार दाब आहे. प्रत्येकीतून ७० बार वापरायचे आणि दोन्हींत १४० उरले की परत फिरायचं. आता सगळ्यात आतल्या टोकाला उजवी टाकी बाद झाली असं धरा. आत यायला दोन्ही मिळून १४० बार लागले, म्हणजे परतायलाही १४० लागणार, आणि डाव्या टाकीत बरोबर १४० आहेत. जेमतेम, पण माणूस बाहेर येतो. हे गणित एकाच अटीवर जुळतं, ती म्हणजे दोन्ही टाक्या सारख्या वापरल्या गेल्या पाहिजेत. पाठीवरच्या टाक्या मधल्या नळीने जोडलेल्या असतात, त्यामुळे तिथे हे आपोआप होतं. साइडमाउंटमध्ये ते माणसाने करायचं असतं, ठरावीक दाब उतरला की तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासाला देणारा भाग, बदलून. एखाद्याने आळसाने किंवा गडबडीत आत जाताना डावी टाकीच ओढली, तर परत फिरायच्या वेळी डावीत ७० आणि उजवीत २१० असतात. बेरीज तीच, २८०. दाब दाखवणारं घड्याळ आणि वही दोन्ही सांगतात की सगळं नियमात आहे. पण त्या क्षणी उजवी टाकी गेली तर हातात ७० आणि गरज १४० ची. म्हणजे हवा निम्म्या वाटेवर संपणार.

बाद झालेल्या टाकीतली हवाही मिळवता येते, हे खरं. व्हॉल्व्ह दर श्वासाला उघडायचा आणि श्वास झाला की बंद करायचा, किंवा चांगला रेग्युलेटर काढून दुसऱ्या टाकीला लावायचा. दोन्ही शिकवलं जातं आणि शिकवलं गेलंच पाहिजे. पण अंधारात, गाळात, एका हातात बाहेरची वाट दाखवणारी दोरी धरून हे करायचं तर ते हाताच्या सवयीत उतरलेलं असावं लागतं.

आता प्रशिक्षक काय बघतो ते पाहा. व्हॉल्व्ह बंद करण्याचा सराव चालू आहे. प्रशिक्षकाने खूण केली की उजवा रेग्युलेटर बिघडलाय. विद्यार्थी डावा तोंडात घेतो, उजवा व्हॉल्व्ह बंद करायला हात नेतो. त्याच्या काखेतला रबरी पट्टा दोन बोटं सैल आहे, त्यामुळे टाकीचं तोंड खाली आणि मागे सरकलंय. हाताला व्हॉल्व्ह सापडत नाही, म्हणून तो अंग उजवीकडे वळवतो. अंग वळलं की गुडघे खाली येतात, पायातल्या फिनचं टोक तळाला लागतं आणि गाळ उठतो. शेवटी व्हॉल्व्ह सापडतो, तो बंद करतो, अंगठा आणि तर्जनी जुळवून ठीक असल्याची खूण करतो. फक्त यादी तपासणारा प्रशिक्षक इथे बरोबरची खूण करून पुढे जाईल, कारण यादीत 'व्हॉल्व्ह बंद केला' एवढंच लिहिलंय. जो स्वतः अरुंद गुहांमध्ये वर्षानुवर्षं साइडमाउंट वापरतो, त्याचं लक्ष आधी गुडघ्याकडे जाईल, मग पट्ट्याकडे. तो सराव तिथेच थांबवून विद्यार्थ्याला वर नेईल, पट्टा आवळायला लावेल आणि सगळं पहिल्यापासून करून घेईल. पहिल्याकडून शिकलेला विद्यार्थी आणि दुसऱ्याकडून शिकलेला, दोघांच्या कार्डावर मजकूर एकच असतो.

अशा बारीक गोष्टी जागेनुसार बदलतात. फ्लोरिडात बहुतेक पोलादी टाक्या वापरतात, त्या शेवटपर्यंत जड राहतात. मेक्सिकोत ॲल्युमिनियमच्या. त्या रिकाम्या होत जातात तसा त्यांचा मागचा भाग वर तरंगू लागतो, म्हणून खालचा हूक वेळीच काढून पुढच्या कडीत अडकवावा लागतो. ज्याने हे फक्त एकाच जागी केलंय त्याच्या हाताला दुसरीकडचं माहीत नसतं. शिकवणाऱ्याला दोन्ही ठाऊक हवं, आणि ते फक्त पाण्यात वेळ घालवूनच येतं.

शेक एक्झ्ली या फ्लोरिडाच्या पाणबुड्याने १९७९ मध्ये गुहेतल्या मृत्यूंचा एकेक प्रसंग तपासून कारणं मांडली. बाहेरपर्यंत सलग दोरी नव्हती, हवेचा तृतीयांश नियम पाळला नव्हता, झेपेल त्याहून खोल गेले होते. पुढे त्यात प्रशिक्षण आणि पुरेसे दिवे या दोन गोष्टींची भर पडली. या पद्धतीने असंख्य जीव वाचवले. आता पुढचं पाहू. अमेरिकन केव्ह डायव्हिंगमधल्या १९८५ ते २०१५ या तीस वर्षांतल्या मृत्यूंचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १६१ मृत्यू नोंदले आहेत. ८७ जणांनी गुहेचं प्रशिक्षण घेतलं नव्हतं, ६७ जणांनी घेतलं होतं. वर्षाला आठच्या आसपास असलेले मृत्यू तीनच्या खाली आले, हे मोठंच यश. पण मरणाऱ्यांत प्रशिक्षितांचं प्रमाण त्याच काळात दुप्पट झालं. आणि मृत्यूचं सर्वसाधारण कारण काय? गाळ उठून दिसेनासं होणं, वाट चुकणं, हवा संपणं. वर सांगितलेल्या त्या सैल पट्ट्यापासून या शेवटापर्यंतची वाट फार लांबची नाही.

या आकड्यांतून प्रशिक्षण निरुपयोगी ठरतं असा अर्थ कोणी काढू नये. प्रशिक्षण न घेता आत जाणारे कमी झाले, प्रशिक्षित लोक जास्त वेळा आणि जास्त आत जातात, म्हणूनही त्यांचं प्रमाण वाढलं असेल. पण एक गोष्ट मात्र बदलली आहे. पूर्वी आपण म्हणू शकत होतो की मरणारे न शिकलेले होते. आता निम्म्याच्या आसपास लोक असे आहेत ज्यांना कोणीतरी शिकवलं होतं, पास केलं होतं, कार्ड दिलं होतं. म्हणून प्रश्न शिकवणाऱ्यांकडे वळवावा लागतो.

केव्ह प्रशिक्षक कसा बनतो? कागदावरची शिडी वाईट नाही. आधी पूर्ण केव्ह डायव्हर, मग काही वर्षांचा अनुभव, मग एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाच्या हाताखाली मदतनीस म्हणून उमेदवारी, आणि शेवटी प्रशिक्षकांना शिकवणाऱ्या वरिष्ठाकडून मूल्यमापन. अमेरिकेत १९६८ साली स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर केव्ह डायव्हिंग आणि १९७३ पासूनचा नॅशनल स्पेलिओलॉजिकल सोसायटीचा केव्ह डायव्हिंग विभाग यांनी ही शिडी घडवली. आजही तिच्यावरून प्रामाणिकपणे चढवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे.

पण साइडमाउंट या शिडीत बाजूने येऊन चिकटतं. पाठीवरच्या टाक्यांनी गुहेत शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला कार्डावर साइडमाउंटचा आणखी एक शेरा हवा असतो, तो थोड्या अनुभवावर मिळू शकतो. दुसरीकडे समुद्रात साइडमाउंट शिकवणाऱ्याला गुहेकडे सरकायचं असतं. दोघांच्या हातात अर्धी अर्धी विद्या असते, आणि कार्ड मात्र दोन अर्ध्यांना पूर्ण मानतं. आंतरराष्ट्रीय मानकांकडे वळलं तर आयएसओ २४८०१ मनोरंजनासाठीच्या डायव्हरांचं आणि २४८०२ त्यांच्या प्रशिक्षकांचं मानक आहे. दोन्ही खुल्या पाण्याच्या विश्वातली. गुहा त्यांच्या कक्षेबाहेर राहते.

यातली सगळ्यात खटकणारी गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही पालकाला लगेच कळेल. दहावीचा पेपर वर्गशिक्षक तपासत नाही. तो शिक्षक अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे, तर वर्षभर ज्याला शिकवलं त्याच्या उत्तरात आपलंच शिकवणं दिसतं आणि हात आपोआप सैल पडतो म्हणून. डायव्हिंगची प्रमाणपत्रं देणारी पाडीसारखी मोठी संस्था खुल्या पाण्याच्या प्रशिक्षकासाठी हे तत्त्व पाळते. कोर्स एक जण घेतो, अंतिम परीक्षा संस्थेने पाठवलेला वेगळा परीक्षक घेतो. म्हणजे ही कल्पना अनोळखी नाही, महागडीही नाही, गेली कित्येक वर्षं ती चालू आहे. मग पंचवीस फूट खोल समुद्रात नवख्यांना शिकवणाऱ्यासाठी जी काळजी घेतली जाते, ती डोक्यावर दगडाचं छत असलेल्या जागी शिकवणाऱ्यासाठी का नको? तिथे बऱ्याचदा घडवणारा आणि पास करणारा एकच असतो, आणि त्याची फी उमेदवार भरतो.

पैशाचा हा धागा शेवटपर्यंत पाहायला हवा. विद्यार्थी सुट्टी काढून आठवडाभरासाठी आलेला असतो आणि त्याला कार्ड घेऊन परतायचं असतं. प्रशिक्षकाचं पोट त्या विद्यार्थ्यावर आणि त्याने घरी जाऊन केलेल्या शिफारशीवर चालतं. संस्थेला प्रत्येक कार्डामागे रक्कम मिळते. या तिघांपैकी कोणालाही नापास हा शब्द परवडत नाही. आणि कोर्सच्या नियमावलीत किमान दिवस आणि किमान डाइव्ह लिहिलेले असतात, ते हळूहळू जास्तीत जास्त होऊन बसतात. यात कोणी खलनायक नाही. तिघेही भले असले तरी हेच होतं, म्हणून चौथ्याची गरज आहे.

चौथा असला की काय होतं, ते दक्षिण ऑस्ट्रेलियात माउंट गॅम्बियरला दिसतं. तिथल्या चुनखडीतल्या डोहांमध्ये १९६० च्या दशकाअखेरीपासून एकामागून एक पाणबुडे मरत होते. मे १९७३ मध्ये 'द शाफ्ट' नावाच्या एका गुहेत एकाच वेळी चार जण मरण पावले. या गुहेचं वरचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत प्रचंड मोठं दालन. गुहा शेतजमिनीत होत्या. जमीनमालक हादरले होते, सरकारचं लक्ष गेलं होतं, आणि सगळ्या गुहा कायमच्या बंद होतील अशी वेळ आली होती. त्याच वर्षी तिथल्या पाणबुड्यांनी केव्ह डायव्हर्स असोसिएशन ऑफ ऑस्ट्रेलिया काढली. त्यांनी गुहांची प्रतवारी केली, पाणबुड्यांची चाचणी सुरू केली आणि ज्याची पात्रता ज्या प्रतीची, त्याला त्याच प्रतीच्या गुहेत प्रवेश, असा नियम घातला. जमीनमालकाने फाटक उघडायचं की नाही, हे त्या पात्रतेवर ठरू लागलं.

इथे परीक्षा कडक झाली, कारण चूक झाली तर नुकसान सोसणारा, फाटकाची किल्ली हातात असलेला माणूस या व्यवहाराचा भाग होता. फ्लोरिडातही याची छोटी रूपं आहेत. जिनी स्प्रिंग्जला गुहेचं प्रशिक्षण नसलेल्या डायव्हरला डेव्हिल्स आय या गुहेच्या तोंडाच्या बाजूला दिवा घेऊन उतरू देत नाहीत, कारण दिवा नसेल तर अंधारात शिरायचा मोहच होणार नाही. हा नियम कुठल्या प्रशिक्षण संस्थेने सक्तीने लादलेला नाही. ज्याची जागा आहे त्याने घातला आणि तो काम करतो.

यावर एक आक्षेप मी फार गांभीर्याने घेतो. साइडमाउंट ज्यांनी घडवलं त्यांना कोणी शिकवलं होतं? ब्रिटनच्या केव्ह डायव्हिंग ग्रुपची स्थापना १९४६ ची. तिथे पैसे घेऊन कोर्स घेणारे प्रशिक्षक नाहीत. नवा माणूस जुन्यांबरोबर गुहांमध्ये जातो, त्यांच्या हाताखाली महिनोन्‌महिने शिकतो आणि तयार झाल्यावर जुनेच त्याला पारखतात. याच परंपरेतले रिक स्टँटन आणि जॉन व्होलँथन २ जुलै २०१८ रोजी थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या १२ मुलांपर्यंत आणि त्यांच्या फुटबॉल प्रशिक्षकापर्यंत पोचले. एक अग्निशमन दलातला निवृत्त जवान, दुसरा संगणक क्षेत्रातला. केव्ह डायव्हिंग हा दोघांचाही छंद. आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ त्या वेळी गुहेतलं पाणी उपसण्याच्या कामात मदतीला गेले होते, त्यामुळे महाराष्ट्रात ती बातमी घरच्यासारखी वाचली गेली. थायलंडच्या नौदलाचे कमांडो शूर होते, पाण्यात तरबेज होते, पण त्यांचं शिक्षण समुद्राचं होतं. त्यांचे माजी सहकारी समन कुनान ६ जुलैला गुहेत हवेच्या टाक्या पोचवून परतताना मरण पावले. १० जुलैला शेवटची मुलं बाहेर आली.

तर मग प्रमाणपत्रं, परीक्षक, मुदती हा सगळा कागदी खटाटोप कशाला, असं काही जण विचारतात. मला या उदाहरणातून उलट दिसतं. ब्रिटिश पद्धत चालते कारण तिथे घाई नाही, पैसा मधे येत नाही, आणि पारखणाऱ्यांना उद्या त्याच माणसाबरोबर त्याच गुहेत उतरायचं असतं. चुकीच्या माणसाला तयार म्हटलं तर त्याची किंमत त्यांना स्वतःला मोजावी लागेल. आठवड्याच्या कोर्समध्ये यातली एकही अट नसते. उमेदवारीची ती वर्षं आपण परत आणू शकत नसू, तर त्यातल्या पारखण्याचा तेवढा कडकपणा नियमांतून आणावा लागेल.

दुसरा आक्षेप असा की हा स्वखुशीचा खेळ आहे, मरायचं असेल त्याला मरू द्या. हे बोलणाऱ्याने गुहेतून प्रेत बाहेर काढणाऱ्यांकडे एकदा पाहावं. ते काम बहुतेक ठिकाणी पोलिसांचे पाणबुडे करू शकत नाहीत. ते केव्ह डायव्हरच करतात, स्वयंसेवक म्हणून, इंटरनॅशनल अंडरवॉटर केव्ह रेस्क्यू अँड रिकव्हरीसारख्या संस्थांमार्फत. अनेकदा मेलेला माणूस त्यांच्या ओळखीचा असतो. गाळ उठलेल्या फटीत शिरून, दोरीत अडकलेलं शरीर सोडवून, आपलीही हवा मोजत ते बाहेर आणतात. वरती कुटुंब वाट बघत असतं. यात खासगी काय राहिलं?

मला चार गोष्टी हव्या आहेत. पहिली वर आलीच आहे, परीक्षक वेगळा, आणि शक्यतो दुसऱ्या संस्थेचा. त्याने उमेदवाराला खऱ्या विद्यार्थ्यांबरोबर, खऱ्या गुहेत, साइडमाउंटमध्ये शिकवताना बघावं. तलावात केलेलं प्रात्यक्षिक पुरेसं धरू नये. दुसरी, अधिकाराला मुदत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ग्लोबल अंडरवॉटर एक्सप्लोरर्समध्ये साध्या डायव्हरचं प्रमाणपत्रही कायमचं नसतं, ठरावीक काळाने ते नवं करावं लागतं आणि त्यासाठी डाइव्ह चालू असावे लागतात. इतरांनी प्रशिक्षकापुरतं तरी एवढं करावं. आणि मोजताना शिकवण्याव्यतिरिक्तचे डाइव्ह मोजावेत. वर्षभर फक्त नवख्यांना घेऊन त्याच पहिल्या दोनशे फुटांत फिरणाऱ्याची स्वतःची धार जाते, हे प्रत्येक प्रशिक्षक मनातून जाणतो.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्याबद्दल. साइडमाउंट आणि गुहा एकाच कोर्समध्ये एकदम शिकवू नये. आधी उथळ, खुल्या पाण्यात महिनोन्‌महिने साइडमाउंट अंगवळणी पडू द्यावं. रेग्युलेटर बदलणं, हूक सरकवणं, व्हॉल्व्ह शोधणं या गोष्टी डोक्यातून हातात उतरल्या की मग गुहेतली दोरी, खुणा, अंधारातला सराव यांना डोक्यात जागा मिळते. दोन्ही एकदम आलं की माणूस दोन्ही अर्धवट करतो. आणि चौथी, नापास झालेल्यांची आणि तक्रारींची आकडेवारी संस्थांनी उघड करावी. नावं नकोत, संख्या पुरे. ज्या प्रशिक्षकाकडे कधीच कोणी नापास झालं नाही, त्याच्याबद्दल प्रश्न विचारायची सोय विद्यार्थ्याला हवी.

हे सगळं मी मराठीत का लिहितोय? आपला सह्याद्री बसाल्टचा, त्यात अशा गुहा होत नाहीत. पण तारकर्ली-मालवणला पहिल्यांदा पाण्याखाली डोकं घातलेली, एमटीडीसीच्या तिथल्या संस्थेत किंवा अंदमानात कोर्स केलेली मराठी मुलं आता मोठी झाली आहेत, कमावती आहेत, आणि त्यांना पुढचं खुणावतंय. अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांना फ्लोरिडा जवळ, आणि मेक्सिकोतल्या तुलुमला तर सुट्टीचं विमान थेट जातं. पुण्याच्या एका ओळखीच्या मुलाने मला विचारलं होतं की तुलुमला एकाच आठवड्यात साइडमाउंट आणि केव्ह दोन्ही करून देतात, तर करू का. उत्साही, हुशार, पोहण्यात पटाईत मुलगा. त्याला कोर्स देऊ करणारे वाईट होते असं मी म्हणत नाही. पण तो एक आठवडा त्याने आपल्या पगारातून वाचवून, रजा साठवून मिळवला होता, आणि म्हणूनच तो सगळ्यात जास्त असुरक्षित होता. ज्याला गुहांच्या शेजारी राहता येतं, तो दर आठवड्याला जाऊन जुन्यांकडून शिकतो. आपल्याला जुने मिळत नाहीत, पाटी बघूनही परत फिरायला वेळ नसतो, आणि प्रशिक्षक कसा आहे हे ओळखायला लागणारी विद्या त्याच प्रशिक्षकाकडून मिळणार असते.

त्याला मी सांगितलं की पैसे भरण्याआधी प्रशिक्षकाला काही गोष्टी विचार. गेल्या वर्षभरात विद्यार्थ्यांशिवाय, स्वतःसाठी, साइडमाउंट घालून तुम्ही गुहेत किती वेळा गेलात? तुमची प्रशिक्षक म्हणून परीक्षा कोणी घेतली आणि तुम्हाला शिकवणारा तोच होता का? शेवटचा विद्यार्थी तुम्ही कधी नापास केला आणि कशामुळे? मला आठवड्याअखेरीस जमलं नाही तर काय करता? चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी दुखावत नाही. तो खुलतो, आणि तासभर बोलत बसतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस पहिल्या प्रश्नालाच आपल्या कार्डांची यादी वाचून दाखवतो.

या सगळ्याने खर्च वाढेल, हे उघड आहे. वेगळा परीक्षक फी घेणार, कोर्स लांबणार, काही प्रशिक्षक धंदा सोडतील, आणि आठवड्याच्या सुट्टीत केव्ह डायव्हर होणं बंद होईल. मला ते मान्य आहे. तो मुलगा मागच्या हिवाळ्यात तुलुमला गेला, फक्त साइडमाउंटचा कोर्स केला, तोही उजेडातल्या पाण्यात, आणि परत येऊन स्वतःचा पट्टा घेतला. आता तो दर महिन्याला मालवणला जातो. गुहेचा कोर्स पुढच्या वर्षी की त्याच्या पुढच्या, हे त्याने अजून ठरवलेलं नाही.